कोंढाण्याचा रानउंदीर

सुरतेतील डिंडोलीहून एका वाचक भगिनीने आम्हांस विचारले आहे : "तांदळाच्या गोणीस उंदीर लागले म्हणून घरी आम्ही पिंजरा लावतो, आणि मुलगा शाळेतून येऊन सांगतो की सिंहगडावरचा उंदीर वाचविला पाहिजे. यांतले खरे काय मानावे?"

प्रश्न रास्त आहे. सुरतेच्या रहिवाशाने तो विचारावा, यात नवलही नाही. १९९४ च्या सप्टेंबरात त्या शहरात प्लेगची साथ आली आणि लाखो लोक घरेदारे सोडून निघून गेले. उंदरांच्या अंगावरील पिसवांपासून हा रोग माणसांत शिरतो, हे त्या पिढीस नव्याने सांगावयास नको. परंतु पुढे सुरत सावरली ती कचरा उचलून व गटारे साफ ठेवून. घरात अन्न उघडे आणि दारात उकिरडा असेल, तर पिंजरे कितीही लावले तरी उंदीर येतच राहणार.

सिंहगडावरचा उंदीर मात्र निराळा. ज्या गडासाठी १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी प्राण वेचले, त्याचे जुने नाव कोंढाणा. मऊ केसांच्या या रानउंदरास १९७५ साली शास्त्रज्ञांनी गडाचेच नाव दिले. सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या त्या लहानशा पठारावाचून तो दीर्घकाळ अन्यत्र कोठेही ठाऊक नव्हता. झुडुपांत बीळ करून राहावे, रात्री बाहेर पडावे, असा त्याचा क्रम. गुरांची अतिचराई, नाहीसा होणारा झाडोरा आणि हौशी पर्यटकांची वर्दळ यांमुळे तो आज संकटात आहे.

तो आपल्या काय उपयोगाचा, असे कोणी म्हणेल. निलगिरीच्या उंच डोंगरांतील अशाच एका अल्पपरिचित उंदरास १८९८ साली जे लॅटिन नाव मिळाले, त्याचा अर्थ 'सेवक' असा आहे. सेवक कोणाचा? आमचा खचितच नव्हे. आपल्या निर्मात्याचा म्हणावा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच बजावले. नाहीशी झालेली जात आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करण्यास कायमची मुकते, आणि तिला असे नाहीसे करण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या पित्यास एका चिमणीचाही विसर पडत नाही, त्यास हा उंदीर कसा बरे परका असेल?

तेव्हा आमच्या भगिनीने पिंजरा खुशाल लावावा. लेकरांचे अन्न व आरोग्य राखणे हे आईचे कर्तव्यच होय. पण त्याआधी तांदूळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावा व दारचा उकिरडा हलवावा. मुलास कधी गडावर नेलेच, तर पायवाट सोडू नये, झुडपे तोडू नयेत आणि शिदोरीचे कागद परत आणावेत. आपले घर नीट राखणे आणि दुसऱ्याचे घर न मोडणे, ही दोन्ही शिकवण त्यास एकाच आईकडून मिळेल. मुलाचे म्हणणे खरे आहे, आणि आईचेही.