मुरलेल्या सोंगाड्याची नवी सोंगे

संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या खेळांत 'भूमिका घेऊन खेळणे' हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. असा खेळाडू केवळ शत्रू मारून गुण मिळवीत नाही; तो एक पात्र होतो, त्या पात्राच्या तोंडून बोलतो आणि समोरच्या खेळाडूच्या पात्राशी संबंध जोडतो. जगबुडीनंतरच्या जगात घडणारे खेळ या प्रकाराला विशेष पोषक ठरले आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेला 'फॉलआउट ७६' हा त्यांपैकी एक. २०७७ साली अणुयुद्धात जग उद्ध्वस्त झाले आणि पंचवीस वर्षांनी, २१०२ साली, भूमिगत आश्रयस्थानातील माणसे अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया प्रांतातील डोंगराळ मुलखात बाहेर पडली, अशी त्याची कल्पना आहे. प्रारंभी या जगात खेळाडूंखेरीज जिवंत मनुष्यपात्र जवळजवळ नव्हतेच. होती ती यंत्रे, मेलेल्यांच्या ध्वनिफिती आणि मागे राहिलेली टिपणे. २०२० च्या एप्रिलमध्ये निर्मात्यांनी मनुष्यपात्रे घातली. तोवर सुमारे दीड वर्ष त्या जगात जी माणुसकी वा जे अमानुषत्व होते, ते खेळाडूंनी स्वतःहून घेतलेल्या सोंगांचे होते. कोणी वैद्य झाला, कोणी दुकान थाटले, कोणी वाटमाऱ्या झाला.

अडचण येते ती मुरलेल्या खेळाडूची. शेकडो तास खेळलेल्याला प्रत्येक पडका वाडा ठाऊक असतो, त्याच्यापाशी सर्वांत जालीम शस्त्र असते, त्याला कशाचीच वाण नसते. उपाशी भटक्याचे सोंग घ्यावे तर पाठीवरच्या पिशवीत महिन्याची शिधासामग्री. भय आणि उणीव संपली की सोंगाची धार जाते. यावर नवा प्रदेश, नवे शस्त्र, नवा राक्षस असे उपाय सुचविले जातात. ते चार दिवस पुरतात. कारण शिळे झालेले असते ते जग नव्हे, तर त्या जगात उभे राहण्याची खेळाडूची रीत.

हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या सोंगाड्यांपुढे तो पूर्वीपासून आहे, आणि त्यांनी तो आपल्या परीने सोडविलाही आहे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत असे काही करण्यास सांगितले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. येथे महत्त्वाचे आहे ते त्या प्रयोगाचे अंतरंग. पदे रचलेली असत आणि ती सूत्रधार म्हणे; पात्रे मात्र पदांच्या मधली भाषणे प्रसंगानुरूप स्वतः करीत. पुढची कथा नटाला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक. धनुष्य कोणाच्या हातून मोडणार, याविषयी रंगमंडपात कोणालाही शंका नाही. अशा स्थितीत रावणाचे सोंग पुनःपुन्हा घेणाऱ्या नटाला नवेपण कोठून मिळत असेल? कथानकातून ते मिळणे शक्यच नव्हते. ते मिळे समोरच्या पात्राच्या अनपेक्षित उत्तरातून, आणि ते उत्तर ऐकून घेण्याच्या तयारीतून.

हीच गोष्ट तमाशाने अधिक खोलवर नेली. उमाबाबू सावळजकर यांचा १८६५ च्या सुमाराचा 'मोहना-बटाव' हा सामान्यतः पहिला वग मानला जातो. सावळज हे गाव तासगाव तालुक्यातले, म्हणजे तेही याच पट्ट्यातले. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात गौळणीचा प्रसंग तर पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडविणारा कृष्ण, मध्ये लुडबुडणारा पेंद्या आणि हातवारे करणारी मावशी. परंतु ज्या गावच्या जत्रेत फड उभा असेल, त्या गावची मथुरा होते. बाजाराची वाट तिथल्याच ओढ्यावरून जाते, दुधातले पाणी तिथल्याच डेअरीच्या मापाने मोजले जाते. प्रसंग कायम, पत्ता नवा. नवेपणाचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण मार्ग होय. स्वस्त अशासाठी की त्याला साहित्य लागत नाही, आणि कठीण अशासाठी की संध्याकाळी गावात पाऊल ठेवल्यापासून नटाला कान उघडे ठेवावे लागतात.

वगातला सोंगाड्या याहून एक पाऊल पुढे जातो. सबंध वग त्याला तोंडपाठ असतो, आणि नेमका तोच काही न समजणारा म्हणून उभा राहतो. राजाने एक वाक्य बोलावे आणि याने त्याचा भलताच अर्थ लावावा. राजाला मग ते वाक्य पुन्हा, साध्या भाषेत, सांगावे लागते. या फेऱ्यात राजाचे राजेपण उघडे पडते. मुरलेल्या नटाने आपले सारे ज्ञान दडवून समोरच्याला बोलते करायचे, हे या भूमिकेचे मर्म आहे. नवख्या नटाला ती पेलत नाही, कारण नवखा आपले पाठांतर दाखविण्याच्या घाईत असतो.

सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ याचे ठळक उदाहरण. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी रंगविलेली हवालदारांची जोडी इतकी गाजली की महाराष्ट्र त्यांना 'काळू-बाळू' याच नावाने ओळखू लागला. सोंगाने माणसाचे नाव पुसून टाकल्याची अशी उदाहरणे मराठी रंगभूमीवर थोडीच असतील. वर्षानुवर्षे तीच वर्दी, तेच दोघे, तोच गोंधळ. सारख्या दिसणाऱ्या दोन शिपायांपैकी कोणता कोण, या एका साध्या अडचणीतून विनोद उपजत राहतो. जोडीने खेळणाऱ्या नटाला आपले पुढचे वाक्य पूर्णपणे आपल्या हाती कधीच ठेवता येत नाही. भावाने फेकलेला शब्द झेलावाच लागतो. शिळेपणावर याहून खात्रीचा उतारा नाही.

जगबुडीच्या खेळातील अनुभवी खेळाडूला यातून जे घेता येईल ते असे की भूमिका वाढवू नये, तिला अडवावे. सर्वज्ञ वीराऐवजी ज्याला काही ठाऊक नाही असा माणूस व्हावे. शस्त्र आपणहून खाली ठेवावे. नुकत्याच आलेल्या खेळाडूला वाट दाखवू नये. त्यालाच वाट विचारावी. दोघांनी मिळून एकच काम पत्करावे आणि त्यातला अर्धा भाग दुसऱ्याशिवाय होऊ नये, असे बांधून घ्यावे. या मर्यादा खेळाच्या नियमांत नसतात. सोंग घेणाऱ्याने त्या स्वतःवर घालून घ्यायच्या असतात. बहुरूपी तरी दुसरे काय करी? शिपायाच्या वेषात दारात येऊन तो घरधन्यावर भलताच गुन्हा लादी. घरधन्याला सोंग कळलेले असे, तरीही तो घाबरल्यासारखे करी, आणि सोंग दोघांचे होई.

सोंगांची निवड हा यापुढचा मुद्दा, आणि तेथे सातारा-सांगलीचा दुसराच अनुभव उपयोगी पडतो. उद्ध्वस्त जगाच्या कल्पनेत पाश्चात्त्य खेळकर्ते बहुधा बंदूकधारी एकांडा शिलेदार पाहतात. या मुलखाने आपत्ती पाहिल्या त्या निराळ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. १९७२ च्या दुष्काळात माणसे रोजगार हमीच्या खडीवर बसली. माण-खटावच्या चारा छावण्यांत जनावरांमागोमाग कुटुंबेही मुक्कामाला गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच सांगली जिल्ह्याच्या घरांत कृष्णा शिरली. या प्रसंगांत निर्णायक ठरलेली माणसे कोण? छावणीत पेंढ्या मोजणारा, टँकरच्या खेपांची वही ठेवणारा, खडीची मापे घेणारा मुकादम, बुडत्या घरातून कागदपत्रांची पिशवी तेवढी उचलणारी म्हातारी. यांच्या हाती सत्ता असलीच तर थोडी. मात्र प्रत्येकाला रोज कोणाला तरी 'नाही' म्हणावे लागते, किंवा कोणाचे तरी 'नाही' ऐकावे लागते. नाट्य तेथे आहे. पाण्याची वही सांभाळणाऱ्याचे सोंग घेतलेल्या खेळाडूला राक्षसाची गरज पडणार नाही. रांगेतला शेवटचा माणूस पुरेसा आहे.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी चाळीसच्या दशकात तमाशाला लोकनाट्याचे रूप देताना जे केले, ते याच जातीचे होते. गणातले दैवतवंदन त्यांनी बदलले, गौळण गाळली, राजाच्या जागी सावकार आणि गिरणीमालक उभे केले. सोंगाड्याची हजरजबाबी वृत्ती मात्र ठेवली. जुन्या कसबाला नवे काम दिले, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक भेद झाकून चालणार नाही. संगणकापुढे बसलेला खेळाडू फावल्या वेळात सोंग घेतो आणि कंटाळा आला की यंत्र बंद करतो. फडातल्या नटाला ती मुभा नव्हती. तमाशाची परंपरा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी पोटासाठी आणि अवहेलना सोसून जगविली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी आपली जात ओलांडून पठ्ठे बापूराव झाले. तो त्यांचा निर्णय होता. इतरांना निर्णयाचा अधिकारच नव्हता, ते त्या सोंगात जन्मले. तेव्हा तमाशाचे तंत्र खेळात वापरावे म्हणताना ते कोणाच्या कष्टाने सिद्ध झाले, हे विसरून त्याची केवळ एक क्लृप्ती करणे अशिष्ट ठरेल. उलट, खेळ म्हणजे पोरखेळ असे म्हणून त्यातील भाषिक निर्मितीकडे पाठ फिरविणेही तितकेच चुकीचे. तमाशाबाबत हीच चूक मराठी पांढरपेशा समीक्षेने दीर्घकाळ केली.

त्या चुकीची किंमत मोजून झालेली आहे. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ साली छापला गेला. त्यात पदे आहेत. नटांनी रंगमंचावर रचलेले गद्य त्यात नाही, आणि ते आता कोठेच मिळणार नाही. मराठी रंगभूमीच्या पहिल्या पर्वातील बोलण्याचा फार मोठा भाग अशा रीतीने हवेत गेला. पुढे १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने आणि स्वातंत्र्योत्तर काळातील परिनिरीक्षण व्यवस्थेने संहिता आधी लिहून दाखविण्याची सवय लावली. तपासनिसाच्या टेबलावर गेलेली वही आणि रात्री फडात बोलले गेलेले शब्द यांत किती अंतर असे, हे कोणत्याही जाणत्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. संशोधकाच्या हाती मात्र वहीच लागते, तीही नशीब असेल तर.

'फॉलआउट ७६'सारख्या खेळात संभाषण मुख्यतः आवाजाने आणि ठरावीक हावभावांनी चालते. म्हणजे तेही हवेतच जाते. फरक एवढाच की आज ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या खिशात आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथील मराठीच्या विद्यार्थ्यांत असे खेळ खेळणारे असणारच, आणि त्यांच्या गावच्या जत्रेत फड अजूनही उभे राहतात. एम.ए.च्या लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत गण-गौळणीची लक्षणे विचारण्याऐवजी एकाच फडाची एकच बतावणी तीन गावांत मुद्रित करून तिन्ही पाठ शेजारी मांडण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे; आणि ज्याला शक्य असेल त्याने, सोबत खेळणाऱ्यांच्या संमतीने, आपल्या खेळातील तीन रात्रींचे बोलणेही तसेच उतरवून घ्यावे. पहिल्या कामाला घाई करावी लागेल. जुने सोंगाडे थकत चालले आहेत.