आधी नदी मोजा

पूररेषा मागे घ्या, ही मागणी कोकणात पुन्हा जोर धरते आहे. चिपळूणकरांचा संताप समजण्यासारखा आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात ज्यांची घरे-दुकाने बुडाली, त्यांच्याच बांधकामांवर निळ्या-लाल रेषांची बंधने आली. पण रेषा पुढे की मागे, या भांडणात मुळातला प्रश्न कोणी विचारत नाही. ही रेषा ज्या आकड्यावर उभी आहे, तो आला कुठून? निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अशा पुराचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, ठरवायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि सह्याद्रीवरून कोसळणाऱ्या बहुतेक पऱ्या-वहाळांवर साधी मोजपट्टीही नाही.

मग सूत्रे लावली जातात. घाटातल्या पाणलोटांसाठीच्या इंग्लिस सूत्रात क्षेत्रफळ घातले की विसर्ग हाती येतो: 100 चौरस किलोमीटरला सेकंदाला सुमारे 1180 घनमीटर. डिकन्सचे सूत्र 1865 सालचे. त्यात 25 हा गुणांक घेतला तर तेवढ्याच क्षेत्राला उत्तर 790. एकाच नदीच्या दोन उत्तरांत दीडपट फरक, आणि दोन्हींत पडलेला पाऊस नाही, उघडा पडलेला डोंगर नाही, पात्रात टाकलेला भराव नाही. केंद्रीय जल आयोगाची पद्धत पाऊस, उतार, नदीची लांबी हे सारे जमेस धरते, म्हणून ती बरी. पण तिचेही गुणांक मोजलेल्या नद्यांवरूनच काढलेले आहेत. मोजणीच थांबली तर अंदाजालाही आधार उरत नाही.

प्रत्येक ओढ्यावर केंद्र परवडणार नाही, असे अधिकारी म्हणतील. ते खरे आहे आणि तशी गरजही नाही. सारख्या उताराच्या, सारख्या मातीच्या खोऱ्यांतून एकेक नदी नीट मोजली, तर शेजारच्या नद्यांचा अंदाज बांधता येतो. पूर ओसरल्यावर भिंतींवरच्या खुणा, पात्राचा छेद आणि पाण्याचा उतार मोजूनही कमाल विसर्ग काढता येतो. त्यासाठी हवीत माणसे आणि तत्परता. भिंतींना नवा रंग लागला की तो पुरावा गेला. प्रश्न केवळ पूररेषेचा नाही. पुलाचे गाळे, रस्त्याखालची मोरी, धरणाचा सांडवा, सगळे याच आकड्यावर बेतले जाते. 2 ऑगस्ट 2016 रोजी सावित्री नदीवरचा पूल पुरात वाहून गेला, तरी आपण नद्या मोजायला लागलो नाही.

जलसंपदा विभागाने पूररेषेच्या प्रत्येक नकाशावर विसर्ग कोणत्या पद्धतीने काढला, किती वर्षांच्या नोंदींवरून काढला आणि तो किती चुकू शकतो, हे छापावे. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्रीच्या उपनद्यांवर पुढच्या पावसाळ्याआधी मोजणी सुरू करावी. तोवर कोणाच्याही दबावाखाली एकही रेषा नदीकडे सरकवू नये.