गाडी रोजची, पार्ट रेसचे

परवाच्या शनिवारी नगरला मावशीकडे गेलो होतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून नगरच आहे.) चहाचा कप खाली ठेवायच्या आत धाकट्या मावसभावाने लॅपटॉप पुढे सरकवला. स्क्रीनवर एक एक्सेल शीट. नाव : ‘आरएक्स बिल्ड, स्ट्रीट आणि ड्रॅग’.

गाडी म्हणजे काकांची १९९३ सालची यामाहा आरएक्स १००. अठ्ठ्याण्णव सीसी, टू-स्ट्रोक, कंपनीच्या आकड्याने ११ हॉर्सपॉवर. भारतात ही गाडी १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं बनली, आणि अजून तिच्यासाठी पोरं वेडी आहेत. शीटमध्ये काय नव्हतं! २८ मिलिमीटरचा कार्बोरेटर (मूळचा २० चा), फायबरच्या रीड, एक्स्पान्शन चेंबरचा सायलेन्सर, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, पोर्टिंग, रेसिंग सीडीआय आणि शेवटी आरएक्स १३५ चा मोठा ब्लॉक. बेरीज चाळीस हजारांच्या वर.

“दादा, एकेक पार्ट टॉपचा निवडलाय. बघ ना जरा.”

बघितलं. खरंच एकेक टॉपचा होता. आणि सगळा घोळ तिथेच होता.

आपण सॉफ्टवेअरवाले तरी हे ओळखायला हवं. प्रत्येक थरासाठी सगळ्यात वेगवान म्हणून गाजलेली गोष्ट उचलायची, सगळं एकत्र जोडायचं आणि मग सिस्टिम का रडतेय म्हणून रात्री जागायचं... हे आपण सगळ्यांनी केलंय. इंजिनाचंही तसंच आहे. पार्ट एकेकटे चांगले किंवा वाईट नसतात. कुठल्या आरपीएमला, कुठल्या पेट्रोलवर, कुठल्या रस्त्यावर, हे ठरल्याशिवाय ‘चांगला पार्ट’ या शब्दाला अर्थच नाही.

म्हणून मी त्याला शीटमध्ये एक नवीन रकाना टाकायला लावला : ‘गाडी वर्षभर करते काय?’ सावेडी ते नागापूर एमआयडीसी, जाऊन-येऊन धरा १६ किलोमीटर. वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४,८०० किलोमीटर. आणि ड्रॅग? लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरते, तिथे एकदा उतरायचं त्याचं स्वप्न आहे. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. सहा रन मिळाले तरी अडीच किलोमीटरही होत नाहीत. चार हजार आठशे विरुद्ध अडीच! आणि शीटमधला पैसा बहुतेक सगळा त्या अडीच किलोमीटरांसाठी.

आता यात नेमकं बिघडतं काय? टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्टची उंची हीच इंजिनाचा स्वभाव ठरवते. पोर्ट वर नेलं की ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खालची जाते. एक्स्पान्शन चेंबर म्हणजे आवाजाचं खेळणं नव्हे. त्याच्यातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पण त्याच्या लांबीप्रमाणे ते ठरावीक आरपीएमच्या आसपासच नीट जमतं. पोर्ट एका आरपीएमचं आणि पाइप दुसऱ्याचा असेल तर दोघं एकमेकांशी भांडतात. कार्बोरेटर फार मोठा लावला की कमी आरपीएमला त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी ‘घ्यँ...’ करून बसते. पत्रकार चौकात मागून हॉर्न वाजायला लागले की सगळी हॉर्सपॉवर कळते :)

हे फक्त आपल्या शंभर सीसीचं रडगाणं नाही. अमेरिकेत ‘बिग-ब्लॉक’ म्हणून जी अजस्र व्ही-८ इंजिनं आहेत, उदाहरणार्थ शेवरलेचं १९७० साली आलेलं ४५४ घन इंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं, त्यांचीही गोष्ट हीच. तिथे स्वभाव कॅमशाफ्ट ठरवतो. लोक मोठा कॅम टाकतात, कारण आकडा मोठा दिसतो. पण त्याला जुळणारा टॉर्क कन्व्हर्टर आणि मागचा गिअर रेशो बदलत नाहीत. मग गाडी कॅमच्या आरपीएमपर्यंत पोचायला वेळ लावते, आयडलला थडथडते, व्हॅक्यूमवर चालणारा पॉवर ब्रेकही कमजोर होतो. सात लिटरमध्ये चूक थोडी खपून तरी जाते. शंभर सीसीत लपवायला जागाच नसते.

त्याला पटत नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी त्याला घेऊन टँक म्युझियमला गेलो. नगरमध्ये वाढलेला पोरगा, आणि शाळेच्या सहलीनंतर तिथे फिरकलेला नाही! १९९४ पासून हे कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्याकडे आहे. तिथे सेंच्युरियन रणगाडा उभा आहे. त्याच्या पोटातलं इंजिन म्हणजे रोल्स-रॉइसचं मीटिअर, २७ लिटरचं व्ही-१२. हे मूळचं स्पिटफायर विमानातलं मर्लिन. विमानात ते हजारावर हॉर्सपॉवर द्यायचं. रणगाड्यासाठी इंजिनिअरांनी त्याचा सुपरचार्जर काढून टाकला, फोर्ज्ड पिस्टनऐवजी साधे ओतीव पिस्टन घातले, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालेल असं केलं आणि सहाशे-साडेसहाशे हॉर्सपॉवरवर समाधान मानलं. म्हणजे कागदावर एकेक पार्ट ‘डाउनग्रेड’ केला. आणि त्यातून उत्तम रणगाड्याचं इंजिन झालं, कारण त्यांना उडायचं नव्हतं, चिखलातून जायचं होतं.

पोरगं तिथे थोडा वेळ गप्प होतं. मग म्हणालं, “पण दादा, असं जपून जपून केलं तर मजा काय?”

प्रश्न रास्त आहे. मजेलाही किंमत आहे, मी नाही म्हणत नाही. ज्याला निव्वळ ड्रॅगची गाडी करायची त्याने खुशाल करावी, टेम्पोत घालून न्यावी, रन मारावी, परत आणावी. माझं भांडण त्या ‘आणि’शी आहे. रोज चालणाऱ्या गाडीत रेसचे पार्ट घुसवले की दोन्हीकडून जातो.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. कॉलेजात असताना मीही माझ्या आरएक्सला मोठा कार्बोरेटर आणि नवा पाइप लावला होता. जेट बदलायचं राहून गेलं. पुण्याहून नगरला येताना शिरूरच्या पुढे फुल थ्रॉटलवर पिस्टन धरला. पेट्रोल कमी, हवा जास्त, पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्ये अडकला. मागचं चाक जागेवर लॉक! हात सवयीने क्लचवर गेला म्हणून हे लिहितोय. मागून येणारा ट्रक बाजूने निघून गेला, त्याचा वारा अजून आठवतो. चूक सर्वस्वी माझी होती. आणि आता तर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. (आपला जिल्हा उसाचा, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार!) इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. तेव्हा जेटिंग हा शेवटी उरकायचा विषय नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून शीट उलटी लिहिली. पहिली ओळ ब्रेक. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा नवे लायनर आणि चांगले टायर आधी. मग क्रँकचे बेअरिंग आणि ऑइल सील, कारण तिथून हवा ओढली तर पुन्हा पिस्टनच धरणार. मग क्लचप्लेट. मग मागचं चेन-स्प्रॉकेट : ड्रॅगच्या दिवशी दोन-चार दात जास्तीचं चक्र लावायचं, सोमवारी काढायचं. सगळ्यात स्वस्त पिकअप हाच! पोर्टिंग, पाइप आणि कार्बोरेटर मात्र एकाच मिस्त्रीकडून, एकाच आरपीएमसाठी, एकत्र संच म्हणून. १३५ चा ब्लॉक रद्द. नोंदणीत ९८ सीसी आणि खाली १३२, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय.

एक मुद्दा तेवढा राहिला होता, तो काकांनी काढला. इतका वेळ पेपरमागे होते. म्हणाले, “पोर्ट घासलं की घासलं. लोखंड परत लावता येत नाही. करायचं ते कर, पण माझ्या ब्लॉकवर नको.”

बॅकअप घेतल्याशिवाय डिलीट मारू नये, हे आम्ही ज्युनिअरांना रोज सांगतो. काका पस्तीस वर्षं लेथवर होते. त्यांना ते कुणी सांगावं लागलं नाही.

शेवटी ठरलं ते असं : जुन्या बाजारातून दुसरा आरएक्सचाच ब्लॉक आणायचा, काय घासायचं ते त्याच्यावर. काकांचा ब्लॉक ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून, माळ्यावर. शीटची बेरीज एकवीस हजारांवर आली आणि तिचं नाव झालं ‘आरएक्स, रोजची’. ड्रॅगसाठी खाली वेगळी शीट आहे. सध्या तिच्यात एकच ओळ आहे, स्प्रॉकेट.

तुमच्याकडे अशी यादी तयार असेल तर दुकानात जायच्या आधी तो एक रकाना टाकून बघा. असो. जेटिंग जमलं की नाही, ते पुढच्या नगरवारीनंतर लिहीन.