दोष वाटीचा, ठपका आईवर

"एक्स-रे उत्तम आहे, आजी. व्यायाम वाढवा." गुडघा बदलून सात महिने झाले तरी पुढच्या बाजूचं दुखणं थांबेना, तेव्हा आईला मिळालेलं हे उत्तर. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आई खुर्चीतून उठायची आणि पाय सरळ होत आला की आत 'कट्' व्हायचं. एकदा मी गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवला. आत काहीतरी अडकून सुटलं, ते माझ्या हाताला स्पष्ट कळलं. मग हा व्यायामाचा आळस कसा?

या प्रकाराला पटेलर क्लंक म्हणतात. मांडीचा स्नायू वाटीला वरून जिथे जोडला जातो, तिथे एक तंतुमय गाठ वाढते. गुडघा वाकला की ती कृत्रिम सांध्याच्या मधल्या खाचेत शिरते आणि पाय सरळ होताना, साधारण 30 ते 45 अंशांवर, झटक्याने बाहेर पडते. अशी खाच असलेल्या, पोस्टीरियर स्टॅबिलाइज्ड म्हणतात त्या सांध्यांच्या जुन्या रचनांत हे जास्त व्हायचं. खाचेचा आकार सुधारला तसं कमी झालं. सांध्याची रचना बदलल्याने तक्रारी घटल्या असतील, तर आधीचा ठपका पेशंटवर का?

मांडीचे स्नायू अशक्त असले तरी गुडघा पुढून दुखतो, हे खरं आहे. व्यायाम हवा हे फिजिओचं म्हणणं मी खोडत नाही. पण समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवर वाटी खोबणीत मधोमध चालते की बाहेर सरकते, हे नीट दिसत नाही. त्यासाठी गुडघा वाकवून स्कायलाइन व्ह्यू घ्यावा लागतो.

"वाटीला बटण (मागच्या बाजूचा कृत्रिम पृष्ठभाग) बसवलं की झालं" हेही मला मान्य नाही. कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडावरचा भाग आतल्या बाजूला फिरून बसला असेल, तर वाटी बाहेर ओढली जाते. बटण बसवून ते फिरणं सुधारत नाही. ते सीटी स्कॅनवर मोजता येतं. शिवाय बटणासाठी वाटी कापावी लागते, आणि पातळ झालेली वाटी मोडू शकते. जंतुसंसर्ग नाही ना, दुखणं खुब्यातून तर येत नाही ना, हेही आधी बघायला हवं. आणि ऑपरेशनपूर्वी घरच्यांना वाटीबद्दल सांगायलाच हवं. आम्हाला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल उघडण्याआधी आईला पाच-सहा वेळा उठबस करायला लावली, स्वतःचा हात वाटीवर ठेवून. पुढे दुर्बिणीतून गाठ काढली. आई आता जिना सरळ तोंडाने उतरते. आधी कठडा धरून आडवी उतरायची.