विद्येला तारण कशाचे?

कायद्याची पदवी हाती पडली की होतकरू विद्यार्थ्याच्या मनात एल्एल.एम.चा विचार येतो, आणि तो घरी बोलून दाखविताच पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा नुसता अर्ज भरण्यास अलीकडे सर्वसाधारण उमेदवारास ४,००० रुपये मोजावे लागतात. पुढे प्रवेश मिळालाच, तर शुल्क, वसतिगृह आणि खानावळ मिळून वर्षाचा खर्च लाखांच्या घरात जातो. ज्याच्या घरी शिल्लक नाही त्याने या वाटेला जाऊच नये काय? अवश्य जावे, असेच आम्ही म्हणू. मात्र आज त्याला ज्या रीतीने पैसा मिळतो ती रीत वकिलीच्या व्यवसायाला मानवणारी नाही, हेही सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न चार विद्यार्थ्यांच्या सोयीगैरसोयीपुरता नाही. पोर्तुगीज अमदानीत येथे वैद्यकाची शाळा १८४२ साली निघाली. कायद्याच्या पदवीसाठी मात्र कोइंब्रा किंवा लिस्बन गाठावे लागे. बोटीचे भाडे आणि परदेशातील वर्षानुवर्षांचा खर्च ज्यांना झेपे, त्यांचीच मुले पदवीधर होऊन परतत. भाटकाराच्या घरी कायदा आणि मुंडकाराच्या घरी त्याची भीती, अशी वाटणी त्यामुळे होऊन बसली. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकार कायदा आला आणि त्या दरम्यान, १९७३ साली, मिरामारला कायद्याचे महाविद्यालय सुरू झाले. कुळाचा मुलगा काळा डगला चढवून न्यायालयात उभा राहू लागला, ही मुक्तीची एक खरी मिळकत होय. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंब आणि मालमत्तेविषयीचे नियम आजही आपल्या घरादाराला लागू आहेत. त्यांचा सखोल अभ्यास बाहेरचा कोणी येऊन करून देईल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. तो येथल्याच मुलांनी केला पाहिजे आणि त्यांत गरिबाघरची मुले असली पाहिजेत.

शिल्लक नसताना कायद्याचे शिक्षण कसे होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. १९१६ साली लंडनला ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. पुढे सनद काढण्यास पैसे नव्हते. तेथेही भथेनाच धावून आले. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या माणसालासुद्धा राजाचा आश्रय, स्वतःचे श्रम आणि मित्राचे कर्ज अशा तीन आधारांनी ही मजल गाठावी लागली. ज्याला असा राजा नाही आणि असा मित्रही नाही, त्याचे काय?

राजांची जागा आता सरकारने घेतली आहे, आणि सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९२४ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसलेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केली. तीत निवडक उच्च दर्जाच्या संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यास तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि इतर सरकारी सवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजाचा भार सरकार उचलते. आपल्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे. परदेशी जाणाऱ्यासाठी जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापिलेल्या निधीची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे. विद्यार्थ्याने क्रम मात्र नीट लावावा. आधी शिष्यवृत्तीचे अर्ज, मग कमी शुल्काचे सरकारी वा विद्यापीठाचे महाविद्यालय, त्यानंतर बिनव्याजी कर्ज आणि अगदी शेवटी बँकेचे दार. पुष्कळ पालक पहिल्यानेच बँकेत जातात आणि मागाहून हळहळतात.

खरी अडचण आहे ती परतफेडीत. बँकेच्या सर्वसाधारण नियमानुसार अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाले की हप्ता सुरू होतो. पाच लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,४०० रुपये येतो. अभ्यासाच्या व सवलतीच्या दोन वर्षांचे व्याज मुदलात मिळविले तर तो ६,४०० च्या पुढे जातो. आता नव्या वकिलाची कमाई पाहा. कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचविले. सुचविले एवढेच, बंधन नाही. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठांची कागदपत्रे सांभाळीत उभ्या असलेल्या एखाद्या कनिष्ठाला महिनाअखेर हातात काय पडते, ते विचारून पाहावे. अभियंत्याला नोकरी लागली की पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. वकिलाची पहिली चारपाच वर्षे ही उमेदवारीची असतात, आणि कर्जाचा हप्ता नेमका त्याच वर्षांत दार ठोठावतो. मग तो मुलगा कायदा सोडून मिळेल ती नोकरी धरतो. कर्ज फिटते, ज्यासाठी काढले ते मात्र राहून जाते.

म्हणून आमची सूचना अशी, की राज्याच्या बिनव्याजी योजनेत कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय असावी. परतफेड व्यवसायाच्या चौथ्या वर्षापासून सुरू व्हावी आणि हप्ता कमाईच्या प्रमाणात ठरावा. जो तरुण मामलेदाराच्या कचेरीत मुंडकारांची बाजू फुकट मांडील, किंवा आपल्या नागरी कायद्यावर मराठी-कोंकणीत अभ्यासपूर्ण लेखन करील, त्याला कर्जाचा काही भाग माफ व्हावा. यात कोणावर उपकार नाहीत; समाजाला त्याची किंमत परत मिळते. वकील संघटनांनी आणि संपन्न देवस्थानांनीही यात वाटा उचलावा. ज्येष्ठ वकिलांनी तर सरकारची वाट न पाहता आपापल्या कनिष्ठाला उद्यापासून रीतसर वेतन द्यावे.

इच्छा असली की अशा गोष्टी सुधारतात, याचा पुरावा समोर आहे. सनदेसाठी राज्याराज्यांतील बार कौन्सिले १५ ते ४२ हजार रुपये उकळीत होती. कायद्याने ठरविलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जातीजमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी बजावले. व्यवसायाच्या दारावरचा एक अडसर असा निघाला. उच्च शिक्षणाच्या दारावरचा दुसरा काढणे गोवा सरकारच्या हाती आहे. घरी जमीन नाही, दागिना नाही, अशा मुलाजवळ तारण ठेवण्यास त्याची बुद्धी तेवढी असते. तीवर विश्वास टाकण्याची हिंमत सरकारने दाखवावी.