प्लास्टिकच्या पापाचा धनी कोण?

कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. एकशे आठ शिवलिंगांच्या देवळासाठी ते ओळखले जाते. रामाने राक्षसवधाचे पाप फेडण्यासाठी येथे लिंगे स्थापिली, अशी स्थलकथा आहे. त्या कथेत निदान एवढे स्पष्ट आहे की, ज्याच्या हातून वध झाला त्यानेच पाप फेडले. प्लास्टिकच्या बाबतीत हा साधा न्यायही उरलेला नाही. येथे पाप कारखान्यात घडते आणि प्रायश्चित्त घेते ती तान्ह्या मुलाची आई.

शाळेत मुलांकडून ‘प्लास्टिक हटवा’ अशी घोषवाक्ये रंगवून घेतली जातात. ती मुले घरी येऊन आईला कापडी पिशवीविषयी उपदेश करतात, आणि त्याच दप्तरातून बिस्किटांच्या पुड्याचे चकचकीत वेष्टन बाहेर पडते. तमिळनाडूने 1 जानेवारी 2019 पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली आणि डिसेंबर 2021 मध्ये पिवळ्या कापडी पिशवीची, ‘मंजप्पै’ची, मोहीम सुरू केली. मोहीम चांगलीच आहे. पण पिशवी कापडाची झाली, तरी तिच्यात जे भरले जाते ते प्लास्टिकमध्येच बांधलेले असते, याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

कुटुंबाच्या दृष्टीने प्लास्टिकचे प्रश्न दोन आहेत: मुलाच्या पोटात काय जाते आणि घराबाहेर कचरा किती पडतो. पहिल्यात कुटुंबाच्या हाती बरेच काही आहे, दुसऱ्यात फारच थोडे. प्रचार मात्र नेमका उलटा चालतो. कचऱ्यासाठी आईला दोषी धरले जाते आणि मुलाच्या पोटाविषयी तिला काहीच सांगितले जात नाही.

पहिल्या प्रश्नाचे मर्म एका शब्दात आहे: उष्णता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी ऑक्टोबर 2020 मध्ये ‘नेचर फूड’ या नियतकालिकात पॉलिप्रोपिलीनच्या दुधाच्या बाटल्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पाणी 25 अंश सेल्सिअसवरून 95 अंशांवर नेले, तेव्हा प्लास्टिकच्या सूक्ष्मकणांची संख्या लिटरमागे सुमारे 6 लाखांवरून साडेपाच कोटींवर गेली. बाटली तीच, बदलले ते तापमान. या कणांनी बाळाला नेमका काय अपाय होतो हे अद्याप सिद्ध झालेले नाही, म्हणून घाबरवून सोडण्याचे कारण नाही. शिवाय बाटली उकळणे थांबवणे हा त्यावरचा उपाय नव्हेच. जुलाबाचा धोका सिद्ध झालेला आहे आणि तो जीवघेणा आहे. त्या संशोधकांनी सुचवलेला मार्ग साधा आहे: पावडरचे दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गरम पाण्याने कालवावे, निवल्यावर बाटलीत ओतावे, आणि उकळलेली बाटली आधी निर्जंतुक पाण्याने तीनदा खंगाळून घ्यावी.

आता बाटलीवरचे ‘बीपीए-मुक्त’ हे मोठ्या अक्षरांतले वाक्य पाहावे. भारतीय मानकाने 2015 मध्ये दुधाच्या बाटल्यांतून बिसफिनॉल-ए हद्दपार केले, ते योग्यच झाले. पण पॉलिप्रोपिलीनमध्ये ते रसायन मुळातच नसते, आणि डब्लिनच्या प्रयोगात कण सुटले ते याच पॉलिप्रोपिलीनमधून. म्हणजे हे आश्वासन खरे असूनही कणांविषयी काहीच सांगत नाही. त्यावर विसंबून जास्त पैसे मोजणाऱ्या पालकाची ही सभ्य फसवणूक आहे.

यातला खेद असा की, बाटलीला पर्याय शोधायला कोठे दूर जायला नको. तमिळ घरांत तान्ह्या बाळाला चोचीच्या छोट्या भांड्याने, ‘पालाडै’ने, दूध पाजण्याची रीत आहे. आपल्याकडे त्यालाच बोंडले म्हणतात. अनेक घरांत चांदीचे बोंडले बारशाच्या भेटीतले म्हणून कपाटात पडून आहे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत नवजात बालकांसाठी पालाडै हे कप आणि बाटली या दोहोंपेक्षा सरस ठरले. कमी वजनाच्या ज्या बाळांना अंगावर पाजता येत नाही, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनाही कप, पालाडै किंवा चमचा यांचीच शिफारस करते. दुधाच्या बाटलीची जाहिरात करण्यास तर भारतात 1992 च्या कायद्यानेच मनाई आहे. एवढे असूनही बारशाला बाटल्यांचा संच येतो, तो कार्टूनच्या चित्रांसह.

उष्णतेचा हा नियम थोरल्या मुलांनाही लागू पडतो. खरगपूरच्या आयआयटीने 2020 मध्ये दाखवले की, कागदी कपात 100 मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटे राहिला तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तरातून सुमारे 25,000 सूक्ष्मकण त्यात उतरतात. कुंभकोणमची कॉफी पितळेच्या डबरा-टंबलरमधून पिणाऱ्या मुलखात वाफाळते सांबार पातळ पिशवीत बांधून न्यावे, हा दैवदुर्विलास आहे. घरून स्टीलचा डबा नेला की हा प्रश्न मिटतो. त्यासाठी बांबूच्या ब्रशांचा आणि ‘इको’ डब्यांचा नवा संसार मांडण्याची मुळीच गरज नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे तसे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये ‘नेचर’मधील लीड्स विद्यापीठाच्या अभ्यासाने भारतातून वर्षाला सुमारे 93 लाख टन प्लास्टिक पर्यावरणात जाते असा अंदाज मांडला. त्यातले 58 लाख टन उघड्यावर जाळले जाते. जिथे कचरा उचलायला गाडी येत नाही, तिथे घरातल्या बाईने डायपर आणि वेष्टने यांचे करावे तरी काय?

उत्तर कायद्यात होते. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत, पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत असे कलम होते. बिस्किटे, चिप्स, शाम्पूची पुडी हे सारे त्यात येत होते. ती मुदत संपत असतानाच, मार्च 2018 मध्ये, कलमाची भाषा बदलली. पुनर्वापर होत नसेल, त्यातून ऊर्जाही मिळत नसेल आणि दुसरा कसलाही उपयोग नसेल, अशाच वेष्टनांपुरते ते उरले. जाळून ऊर्जा कशातूनही मिळते, हे भौतिकशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतले ज्ञान आहे. तेव्हा या व्याख्येत सापडेल असे वेष्टन शोधूनही मिळायचे नाही. शाळेतल्या घोषवाक्यांच्या स्पर्धेत या दुरुस्तीवर एखादे घोषवाक्य कोणी लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही.