घरांतील संगीताची राखण

खांसाहेब अल्लादियाखां १९४६ सालीं मुंबईंत निवर्तले. त्यांच्या गायनाची एकही तबकडी निघाली नाहीं. त्यांचें गाणें कसें होतें हें आज शिष्यपरंपरेवरूनच ताडावें लागतें. त्यांच्या शिष्या, गोमंतकीय गायिका केसरबाई केरकर, यांचें गायन मात्र ध्वनिमुद्रित झालें, आणि १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर त्याची प्रत आहे. गुरूचा स्वर विरून गेला, शिष्येचा टिकला. स्वराचें आयुष्य त्याच्या प्रतीवर अवलंबून असतें, हाच यांतील बोध होय.

हा बोध आपल्या घरालाही लागू आहे. पूर्वीं कपाटांत तबकड्या व कॅसेट असत. आतां तेंच धन संगणकाच्या एका हार्ड डिस्कवर किंवा मोबाइलमध्यें सांठविलेलें असतें. जुन्या तबकडीला चरा पडला तरी कांहीं तरी ऐकूं येई. हार्ड डिस्क बिघडली म्हणजे हजारों गाणीं एका क्षणांत मुकीं होतात. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्या गाण्याची एकच प्रत घरांत आहे, तें गाणें आपलें झालें असें समजूं नये.

यावर कोणी म्हणेल, "सर्व संगीत इंटरनेटवर मिळतें, मग हा खटाटोप कशाला?" परंतु मासिक वर्गणी देऊन ऐकलेलें गाणें भाड्याच्या घरासारखें असतें, करार संपला कीं तें यादींतून नाहींसें होतें. दुसऱ्याच्या कोठारावर सर्वस्वी विसंबणेंही धोक्याचें आहे. मायस्पेस या संकेतस्थळानें २०१९ सालीं कबूल केलें कीं, सांठा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवितांना बारा वर्षांत लोकांनीं तेथें ठेवलेलीं गाणीं नष्ट झालीं. शिवाय आजीच्या ओव्या, आजोबांचीं भजनें, धाकट्या बहिणीनें संमेलनांत म्हटलेलें गीत हीं कोणत्याही दुकानांत मिळणार नाहींत.

मग उपाय कोणता? छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनीं रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम सोपा आहे. प्रती तीन असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि एक तरी घराबाहेर असावी. एक प्रत संगणकांत, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर, तिसरी क्लाउडमध्यें किंवा मामाच्या घरीं ठेवावी. आग वा पूर आला तर घरांतील सर्व प्रती एकदमच जातात. २००८ च्या जून महिन्यांत हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओंत आग लागून नामवंत गायकांच्या मूळ ध्वनिफिती जळाल्या, हें विसरूं नये.

खर्चाची भीति फार नको. सीडीवरील एका तासाच्या संगीतास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक पद्धतीनें सांठविल्यास ध्वनीचा एकही अंश न गमावतां तें बहुधा निम्म्याच्या आसपास येतें. तासातासाच्या पांचशे सीडी घेतल्या तरी एक टेराबाइटच्या डिस्कचा सुमारें पांचवा हिस्साच भरेल. एमपीथ्रीनें जागा आणखी वांचते, परंतु त्यांत टाकून दिलेला ध्वनीचा अंश पुन्हां मिळत नाहीं. यास्तव मूळ प्रत फ्लॅकमध्यें ठेवून मोबाइलपुरती एमपीथ्री करावी.

दोन भ्रमांपासून मात्र सावध राहिलें पाहिजे. एकमेकींचें प्रतिबिंब राखणाऱ्या दोन डिस्क बसविल्या कीं काम झालें, हा पहिला भ्रम. एकीवरील गाणें चुकून पुसलें तर दुसरीवरूनही तें तत्काळ पुसलें जातें. म्हणून दुसरी प्रत काढून झाल्यावर ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. प्रत केली म्हणजे ती शाबूतच राहील, हा दुसरा भ्रम. वर्षांतून दोनदां ती जोडून गाणीं वाजवून पाहावीं. फ्लॅक फाइलींत ध्वनीची चेकसम नांवाची गणिती खूण नोंदलेली असते. तिच्याशीं ताडून पाहिल्यास कानाला न कळणारा बिघाडही संगणक दाखवितो.

विद्यार्थिमित्रांनो, ही विद्या वडील माणसांपेक्षां तुम्हांस अधिक अवगत आहे. म्हणून घरचें हें काम तुम्हींच अंगावर घ्यावें, आणि पालकांनीं त्यास लागणारी डिस्क आनंदानें घेऊन द्यावी. जें पुन्हां विकत मिळणार नाहीं त्याची प्रत सर्वांच्या आधीं करा. जुन्या कॅसेट फार दिवस टिकणाऱ्या नव्हेत, त्या याच सुटींत संगणकावर उतरवून घ्या. प्रत्येक फाइलीवर गाणाराचें नांव, ठिकाण व साल लिहा. तीं सांगणारीं वडील माणसें आज घरांत आहेत, तोंवरच तें विचारून घ्यावें.